पाळी गेल्यावर सारखी 'उन्हाळी' लागते? माझे आठ महिने आणि काही प्रश्न

सदाफुली

मैत्रिणींनो, आणि मित्रांनोही (तुमच्या घरातही आया-बायका आहेत, तेव्हा पुढे सरकू नका),

हा धागा काढू की नको असं महिनाभर चाललं होतं. शेवटी आज शाळेला सुट्टी, हे बाजारात गेलेत, म्हटलं लिहूनच टाकू.

वय ५३. सांगलीजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. घाम, चिडचिड, रात्री दोनला टक्क जागं होणं हे सगळं झालं आणि बरंचसं सरलंही. मागच्या वर्षी मात्र नवीनच सुरू झालं. लघवीला जळजळ, दर वीस मिनिटांनी जावंसं वाटायचं आणि गेलं तर चार थेंब. ओटीपोटात कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं.

आमच्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात. आई असती तर सब्जा भिजत घातला असता आणि पायाच्या अंगठ्यांना ओला चुना लावला असता. मी सब्जा प्यायले, धने-जिऱ्याचं पाणी प्यायले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग डॉक्टर. पाच दिवसांच्या गोळ्या आणि एक गुलाबी सिरप. बरं वाटलं. दीड महिन्यानं पुन्हा. पुन्हा गोळ्या. असं आठ महिन्यांत चार वेळा झालं. चारही वेळा लघवीची तपासणी काही झाली नाही, नुसतं "जळजळ होते का? बरं" म्हणून चिठ्ठी लिहून हातात दिली. चौथ्या वेळी तर मी फोनवर सांगितलं आणि गोळीचं नाव व्हॉट्सअॅपवर आलं.

नणंदबाईंनी कानात सांगितलं, "वहिनी, स्वच्छता ठेवत जा गं जरा." ते इतकं लागलं म्हणून सांगू! मी दिवसातून तीनदा डेटॉलच्या पाण्यानं धुवायला लागले. आग दुप्पट झाली.

तर प्रश्न असे: हे पाळी जाण्याशी जोडलेलं आहे का? सारखं सारखं होऊ नये म्हणून काय करता येतं? आणि दर वेळी अँटिबायोटिक घ्यायचं म्हणजे शरीराचं काय होणार?

---

कोकम_सरबत

सदाफुली ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. माझंही हेच, वय ५१. मला वाटायचं आपल्यातच काहीतरी खोट आहे. वाचनखूण साठवली.

---

वाळ्याचं_पाणी

ताई, उन्हाळीवर आमच्या घरात तीन पिढ्यांचा खात्रीचा उपाय आहे. रात्री एक चमचा धने, एक चमचा जिरे पेलाभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळून खडीसाखर घालून प्यायचं. जोडीला गोखरूचा काढा. तिखट, लोणचं, चहा बंद. अँटिबायोटिकनं शरीराची वाट लागते. आपल्या आज्या कुठे लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करत होत्या?

---

डॉ_रानजाई

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, प्रॅक्टिसला २७ वर्षं झाली. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून ठरवायचं. पण सदाफुलींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण ओपीडीत रोज दोन-तीन बायका हीच कहाणी सांगतात आणि प्रत्येकीला वाटतं की आपण अस्वच्छ आहोत.

हो, याचा पाळी जाण्याशी थेट संबंध आहे.

घरात दही लावता ना, तिथून सुरुवात करू. विरजण चांगलं असलं की दुधाचं दही होतं आणि त्या आंबटपणात दुसरे जंतू शिरत नाहीत. विरजण मेलं की तेच दूध नासतं. योनीमार्गात असंच एक विरजण असतं, लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू. त्यांचं खाणं म्हणजे तिथल्या आवरणातल्या पेशींमधलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर), आणि ते ग्लायकोजेन तयार होतं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या जोरावर. पाळी चालू असते तेव्हा हे जंतू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि तिथला पीएच साधारण ३.५ ते ४.५ इतका आंबट राहतो (आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त). पाळी गेली, इस्ट्रोजेन आटलं, की आवरण पातळ आणि कोरडं पडतं, विरजणाचे जंतू उपाशी मरतात, पीएच पाचाच्या वर जातो. मग गुदद्वाराकडचे ई. कोलाय जंतू तिथे मुक्काम ठोकतात. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब. तिथून मूत्राशय किती लांब असणार?

मूत्रमार्गाच्या आणि मूत्राशयाच्या तोंडापाशीही इस्ट्रोजेनवर पोसलेलं आवरण असतं. म्हणून कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, घाईची लघवी आणि वारंवार संसर्ग ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडं. २०१४ साली तज्ज्ञांच्या संघटनांनी या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज. गरम वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात. हे मात्र ओसरत नाही, उपचार केला नाही तर वाढत जातं.

तेव्हा नणंदबाईंना सांगा, स्वच्छता कमी पडली म्हणून हे झालेलं नाही. आणि डेटॉल आजच्या आज बंद. साबण, सुगंधी वॉश, आत पाण्याचा फवारा, सगळं बंद. उरलंसुरलं विरजण आपणच धुऊन टाकतो. बाहेरून साधं पाणी पुष्कळ झालं.

---

निळूभाऊ

डॉक्टर, मग तिथे दहीच लावलं तर? (खरंच विचारतोय, बायको मागे उभी राहून वाचते आहे.)

---

डॉ_रानजाई

निळूभाऊ, नको! वहिनींनाही नको म्हणून सांगा. दही जेवताना खा. जेवणातल्या दह्यातले जंतू वेगळे, ते तिथे जाऊन संसार थाटत नाहीत. आणि घरच्या दह्यात आणखी काय काय असतं ते कुणी मोजलंय?

---

वाळ्याचं_पाणी

म्हणजे धने-जिऱ्याचं पाणी निरुपयोगी?

---

डॉ_रानजाई

अजिबात नाही. त्यात पेलाभर पाणी आहे, आणि तेच त्यातलं खरं औषध. जरूर प्या. बल्गेरियातला एक चांगला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका. निम्म्यांना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. या बायका पाळी न गेलेल्या होत्या, त्यामुळे पन्नाशीनंतर आकडा अगदी हाच येईल असं मी म्हणणार नाही. पण पाण्यानं धुऊन निघण्याचं तत्त्व तेच. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी मात्र हे मनानं करायचं नाही.

काढे आणि सिरपं यांच्याबद्दल एकच. जळजळ कमी झाली म्हणजे जंतू गेले असं नव्हे. ते गुलाबी सिरप लघवीचं आम्ल कमी करतं, म्हणून आग थांबते. जंतू तिथेच असतात. आणि नायट्रोफ्युरँटोइन नावाची गोळी चालू असेल तर तिला आम्लधर्मी लघवीच मानवते, सिरपानं तिचं काम मंदावतं. दोन्ही एकत्र चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी अकोल्याचा. मुलगा म्हणून लिहितो, कुणाला गैर वाटू नये.

आई ७४, मधुमेह वीस वर्षांपासून. मे महिन्यात इकडे ४५ डिग्री. आई पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठलं की गुडघे. एका सकाळी चहा घेऊन गेलो तर अंग थडथड उडत होतं, दोन गोधड्या घातल्या तरी थंडी जाईना. पाठीत उजव्या बाजूला हात लावू देईना. मला म्हणाली, "तू कधी आलास नागपूरहून?" मी तर इथेच राहतो! हॉस्पिटलात सहा दिवस होती. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. आठवडाभर आधीपासून जळजळ होत होती म्हणे, लाजेपायी सांगितलंच नाही. आईनं पोराला कसं सांगायचं?

तिथल्या डॉक्टरांनी तिची मधुमेहाची एक गोळीही बदलली. डॅपाग्लिफ्लोझिन होती. ती साखर लघवीवाटे बाहेर काढते म्हणे.

---

डॉ_रानजाई

बरं झालं लिहिलंत. थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या, यातलं काहीही असेल तर घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं तर तेही तातडीचंच. फक्त त्या वेळी "लघवीचंच असणार" असं घरच्या घरी ठरवू नका, साखर उतरणं, सोडियम कमी होणं, पक्षाघात, अशी इतरही कारणं असतात.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला फार उपयोगी आहेत, हे वाचून कुणी आपल्या मनानं बंद करू नका. पण त्यांनी बुरशीचा संसर्ग, खाज, वाढते हे नक्की, आणि क्वचित लघवीचा गंभीर संसर्गही झालेला आहे. पाळी गेलेल्या, मधुमेही, वारंवार त्रास होणाऱ्या बाईनं डॉक्टरांना निदान सांगावं तरी की मी ही गोळी घेते.

---

दादर_फास्ट

पाणी प्या, पाणी प्या हे ठीक आहे हो, पण प्यायलेलं पाणी सोडायचं कुठे? मी २६ वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी केलं. सकाळी ७ ला घरून निघताना जायचं ते थेट ऑफिसात. स्टेशनातल्या शौचालयात नाक दाबून जावं तर संसर्गाची भीती, न जावं तर पोट फुटायची वेळ. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या जणी दुपारी चारनंतर पाणी बंद करायच्या, घरी पोचेपर्यंत घोटभर नाही. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती काही हौसेनं नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे घ्यायचे, हा मुद्दा तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोललं. रिटायर झाल्यावर माझा त्रास निम्मा कमी झाला. औषध न बदलता!

---

सदाफुली

दादर_फास्ट, अगदी माझ्या मनातलं. शाळेत आम्हा सहा शिक्षिकांना एक स्वच्छतागृह, त्याची कडी गेल्या वर्षीपासून तुटलेली. आत जायचं तर बाहेर कुणीतरी उभं राहायला हवं. मग कोण कुणाला रोज सांगणार? माझी पाण्याची स्टीलची बाटली सकाळी भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच घरी आणून तुळशीला ओतायची. तुळस मात्र छान आहे.

बरं, महत्त्वाचं सांगायचं राहिलं. इथलं वाचून मी परवा गावातल्या डॉक्टरांकडे न जाता सांगलीला एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी कल्चर करायला सांगितलं. सकाळची जळजळ होती, गोळी काही घेतलेली नव्हती.

लॅबमध्ये त्या मुलीनं झाकणाची निर्जंतुक बाटली हातात दिली आणि म्हणाली, "काकू, आधी पाण्यानं धुवा, सुरुवातीची थोडी सोडून द्या, मधली घ्या, बाटलीच्या आत बोट लावू नका." बोलायला सोपं. भारतीय पद्धतीचं शौचालय, एका हातात साडी, एका हातात बाटली, झाकण दातात धरावं तर तेही निर्जंतुक! शेवटी झाकण उलटं न ठेवता पर्सवर कसंबसं टेकवलं आणि काम फत्ते केलं. पुढच्या वेळी सलवार-कुर्ता.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. वाढ नाही. म्हणजे जंतूच नाहीत!

आता मला सांगा, मागच्या चारपैकी किती वेळा जंतू होते?

---

डॉ_रानजाई

हे उत्तर आता कुणीच देऊ शकणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. कोरड्या, पातळ झालेल्या त्वचेवरून लघवी गेली तरी आग होते. हुबेहूब संसर्गासारखी. कल्चर न करता गोळ्या दिल्या की दोन-तीन दिवसांत ती आपोआपही कमी होते, आणि श्रेय गोळीला जातं.

वारंवार संसर्ग म्हणजे सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन. पण ते कल्चरमध्ये दिसलेले हवेत. गोळीचा पहिला डोस पोटात जायच्या आधी नमुना द्यायचा. घरून नेणार असाल तर तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये. नाहीतर बाटलीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा बोलतो.

आणखी एक. रिपोर्टमध्ये खाली औषधांची यादी असते, काहींसमोर आर, काहींसमोर एस. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे औषध लागू पडतं. आपल्या देशात ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सासिनला आणि सेफालोस्पोरिन गटातल्या बऱ्याच औषधांना जुमानत नाही. आणि दुकानातून सर्रास मागून घेतली जातात ती हीच. नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन अजून बऱ्यापैकी चालतात, ती तरी जपून वापरू या.

---

पुदिना_५८

आमच्याकडे उलटं झालं. मला काहीच त्रास नव्हता. मुलानं वाढदिवसाला फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेऊन दिलं (साडी नको म्हणे). लघवीत पस सेल्स (पू-पेशी) ८ ते १०. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स दिला. कोर्सनं जुलाब, जुलाबानं अशक्तपणा, शिवाय खाली खाज. चांगली धडधाकट बाई आजारी पडले.

---

डॉ_रानजाई

त्रास काही नसेल तर लघवीत थोड्या पस सेल्स किंवा कल्चरमध्ये जंतू सापडले तरी औषध द्यायचं नसतं. गरोदर बाई आणि लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेला पेशंट, मुख्य अपवाद हेच. वय वाढेल तसे अनेक बायकांच्या लघवीत जंतू सुखानं नांदतात. त्यांना डिवचलं की त्यांच्या जागी अधिक हट्टी येतात.

---

स्लाऊची_सून

नमस्कार, मी इंग्लंडमध्ये असते. मी क्रॅनबेरीच्या गोळ्या आणि डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) पावडर दोन वर्षं घेतली, बरेच पौंड घातले. आता इथे २०२४ मध्ये जवळपास ६०० बायकांवरचा अभ्यास आला, डी-मॅनोज आणि नुसती साखरेसारखी पावडर यांत काही फरक पडला नाही. डबा फेकून दिला.

इथल्या जीपीनं (फॅमिली डॉक्टरनं) मला मेथेनामाइन हिप्युरेट दिलंय, सकाळ-संध्याकाळ. अँटिबायोटिक नाही, आम्लधर्मी लघवीत त्याचं फॉर्मल्डिहाइड होतं आणि जंतू मरतात. २०२२ मध्ये इथे २४० बायकांवर त्याची आणि रोजच्या कमी डोसच्या अँटिबायोटिकची तुलना झाली, हे त्याच्या तोडीस तोड निघालं. मला लागू पडलंय.

---

निळूभाऊ

क्रॅनबेरी म्हणजे आपलं करवंदच ना? मंडळाच्या महाबळेश्वर सहलीत एक जण तेच सांगून विकत होता.

---

डॉ_रानजाई

नाही हो. करवंद वेगळ्या कुळातलं. केकवरची ती लालभडक 'चेरी' मात्र आपल्याकडे बहुधा करवंदाचीच असते, तसंच कुणीतरी क्रॅनबेरीचंही करत असेल. खऱ्या क्रॅनबेरीतला एक घटक ई. कोलायला मूत्राशयाच्या भिंतीला चिकटू देत नाही, आणि २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (त्यात बरेच अभ्यास एकत्र तपासतात) वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना तिचा फायदा दिसलेला आहे. थोडा, पण आहे. पाकिटातल्या गोड सरबताचा नाही, त्यात साखरच जास्त. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असेल तर आधी विचारा.

पण हे सगळं चटणी-कोशिंबीर झालं. पानातला मुख्य पदार्थ अजून कुणी वाढलाच नाही. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम. १९९३ साली इस्रायलमधला अभ्यास प्रसिद्ध झाला, पाळी गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ बायका. काहींना इस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) मलम, काहींना औषध नसलेलं नुसतं मलम. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, आठ महिने. इस्ट्रिऑलवाल्यांना वर्षाकाठी सरासरी ०.५ वेळा संसर्ग, दुसऱ्या गटाला ५.९ वेळा. विरजण परत आलं, पीएच खाली आला. तीस वर्षं झाली, आणि अजूनही बाई चार-चार कोर्स खाऊन माझ्याकडे येते तेव्हा या मलमाचं नावही तिनं ऐकलेलं नसतं. इस्ट्रोजेनच्या पोटात घ्यायच्या गोळीनं मात्र हा फायदा होत नाही, ते जागेवरच लावावं लागतं.

---

कोकम_सरबत

पण हार्मोन म्हणजे कॅन्सर ना? माझ्या मावशीला स्तनाचा होता.

---

सदाफुली

अगं, मलाही तेच लिहून दिलंय! आणि घरी काय झालं ते ऐक. आमच्या ह्यांनी खोक्यातला घडीचा कागद काढला, भिंगाखाली धरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, स्मृतिभ्रंश. स्मृतिभ्रंशाला आले आणि म्हणाले, "हे नकोच, आधीच तू गॅस विसरतेस." ट्यूब आठ दिवस कपाटात तशीच.

---

डॉ_रानजाई

घडीच्या त्या कागदावरचे बरेच इशारे पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांच्या अभ्यासांवरून आलेले आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनं खळबळ उडवली होती, त्यातही बायका गोळ्या घेत होत्या. मलमाचा आठवड्याचा डोस अगदी थोडा, रक्तात जेमतेम उतरतो.

मावशीला कॅन्सर होता म्हणून कोकम_सरबत यांना मनाई नाही. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, विशेषतः ॲरोमाटेज रोखणाऱ्या (शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणाऱ्या) गोळ्या चालू असतील, तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. पाळी गेल्यावर अंगावरून लाल जात असेल तर आधी त्याची तपासणी, मलम नंतर. लघवीत रक्त दिसलं आणि कल्चर कोरं आलं, तरी मूत्ररोगतज्ज्ञ गाठायचाच.

आणि धीर धरा. आठवड्यात चमत्कार होत नाही, दोन-तीन महिने लागतात. बंद केलं की कोरडेपणा परत येतो, म्हणून चालू ठेवायचं असतं. सुरुवातीला थोडं चुरचुरतं, त्या वेळी बऱ्याच जणी सोडून देतात.

---

स्लाऊची_सून

इथे तर ५० वर्षांवरच्या बायकांना इस्ट्राडिऑलची तिथे ठेवायची छोटी गोळी २०२२ च्या सप्टेंबरपासून चिठ्ठीशिवाय मिळते, फार्मासिस्ट चार प्रश्न विचारून देतो. मी मात्र दुकानात विचारायला तीन आठवडे घेतले. काउंटरवरचा मुलगा गुजराती होता, आईसारख्या बाईशी बोलताना तोही लाजला.

---

अनामिक_रातराणी

नवीन आयडी घेऊन लिहिते आहे, समजून घ्या. आमच्यात संबंधांनंतर दोन दिवसांनी हमखास त्रास व्हायचा. दुखायचंही. मी टाळायला लागले, ह्यांना वाटलं माझं मन उडालं. वर्षभर वेगळ्या खोल्यांत झोपलो, कारण घोरणं असं मुलांना सांगितलं. मलम सुरू करून चार महिने झाले. आता घोरणं चालतं.

नंतर लगेच लघवीला जाऊन येणं आणि पाण्यावर आधारित वंगण, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मलम वंगण म्हणून त्या वेळी लावायचं नाही, हे मुद्दाम लिहिते, आम्ही चुकलो होतो.

---

दादर_फास्ट

रातराणी, दंडवत. इतकं स्पष्ट लिहायला हिंमत लागते.

माझी एक भर. मला सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही मूत्राशयात १२० मिली शिल्लक दिसली. दोन बाळंतपणांनंतर अंग थोडं खाली आलेलं. साचलेल्या पाण्यात जंतू होणारच. मला शिकवलं ते असं: घाई न करता नीट टेकून बसायचं, झालं की अर्धा मिनिट थांबून थोडं पुढे वाकून पुन्हा करायची. सार्वजनिक ठिकाणी आपण अधांतरी बसतो ना, त्यानं पूर्ण होत नाही म्हणे. आणि पोट साफ ठेवा, बद्धकोष्ठ असलं की मूत्राशयावर दाब येतो.

---

वाळ्याचं_पाणी

मी मघाशी जरा तावातच लिहिलं. आईला विचारलं आज. ती म्हणाली, आजीला म्हातारपणी 'सारखी उन्हाळी' असायची, थंडीतसुद्धा. शेवटी तापातच गेली. कशानं, ते कुणी पाहिलंच नाही.

---

सदाफुली

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय, हिशेब द्यायला हवा.

ट्यूब शेवटी कपाटातून बाहेर आली. ह्यांना घेऊनच डॉक्टरांकडे गेले, त्यांनी भिंगातला कागद शांतपणे ऐकून घेतला आणि समजावून सांगितलं. पहिला महिना काही कळलं नाही, उलट चुरचुर. तिसऱ्या महिन्यात एक दिवस लक्षात आलं की आपण बरेच दिवस 'तिकडचा' विचारच केलेला नाही. मधे एकदा खरा संसर्ग झाला. या वेळी कल्चर केलं (सलवार-कुर्ता!), ई. कोलाय, सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर आर. म्हणजे तेच, जे मला आधी दोनदा दिलं होतं. योग्य गोळीनं पाच दिवसांत बरं वाटलं. पाच महिन्यांत एक, तेही पुराव्यानिशी.

शाळेतल्या कडीसाठी अर्ज केला होता, तो 'वरिष्ठांकडे' गेला. मी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली, ८५ रुपये, शिपाईमामांनी मधल्या सुट्टीत स्क्रू पिळून बसवली. आता बाटली शाळेतच रिकामी होते. तुळशीला वेगळं पाणी घालावं लागतं.

---

कोकम_सरबत

ताई, मस्त! मीही सुरू केलंय, तीन आठवडे झाले. एक बारीक शंका, मलम फ्रीजमध्ये ठेवायचं का? आमच्याकडे फार उकडतं.

---

डॉ_रानजाई

खोक्यावर जे तापमान लिहिलंय ते पाळा. बहुतेक मलमांना थंड, कोरडी, उन्हापासून लांबची जागा पुरते. गोठवायचं मात्र नाही.

---

सदाफुली

आमची बाथरूमच्या फडताळात असते. परवा नातू राहायला आला होता, म्हणून ह्यांनी ट्यूबवर काळ्या मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "आजीचं आहे. टूथपेस्ट नव्हे."